वीस वाट्या कॅरमेल पुडिंग, ओव्हनशिवाय: खर्च किती, वेळ किती, फसगत कुठे

भाऊबीजेला वीस माणसं जेवायला आहेत, घरात ओव्हन नाही आणि बासुंदी-श्रीखंडापेक्षा काहीतरी वेगळं करायचं आहे. कॅरमेलचं दुधाचं पुडिंग करा. कंडेन्स्ड मिल्क घालून केलंत तर वीस वाट्यांना साधारण ४२५ रुपये लागतात, म्हणजे वाटीला सव्वाएकवीस. डबा न आणता दूध आटवलंत तर ३५५ रुपयांच्या आसपास. चायना ग्रासऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून सुकामेवा वगळलात तर २१० रुपयांत भागतं. हाताचं काम सव्वा तासाचं, फ्रिजमध्ये चार तास. म्हणून आदल्या संध्याकाळीच करून ठेवा. सणाच्या सकाळी गॅसला सवड नसते.

हे भाव मुंबई-पुण्याकडच्या किराणा दुकानातले, थोडे इकडेतिकडे धरलेले. तुमच्या गावात फुल क्रीम दूध लिटरला ७२ ऐवजी ६६ ला मिळत असेल तर पहिल्या हिशेबातून नऊ रुपये वजा करा. दूध आणि कंडेन्स्ड मिल्क मिळून निम्म्याहून जास्त खर्च होतो. साखरेचा भाव दोन रुपयांनी हलला तरी वाटीमागे फरक जाणवत नाही.

काय आणायचं

प्रत्येकी १०० मिलीच्या वीस वाट्यांसाठी: फुल क्रीम दूध दीड लिटर (१०८ रुपये), कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा (१४०), कॅरमेलसाठी साखर १५० ग्रॅम (७), चायना ग्रासच्या दहा ग्रॅमच्या दोन पुड्या (१००, पैकी पंधरा ग्रॅमच वापरायचं), बटर २० ग्रॅम (१२), वरून घालायला काजू ५० ग्रॅम (५०) आणि चिमूटभर मीठ. गॅसचे दहा रुपये धरा. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. तुमच्याकडच्या भावाला १४.२ ने भागलं की किलोचा दर कळतो, आणि एवढ्या कामाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो.

दूध फुल क्रीमच घ्या. पिशवीवर स्निग्धांश किमान ६ टक्के असं लिहिलेलं असतं. टोन्ड दुधात तो ३ टक्के असतो. पिशवीमागे दहा-बारा रुपये वाचतात, पण पुडिंग पाणचट लागतं आणि मग ते सुधारायला क्रीमचा डबा आणावा लागतो. गोठ्यावरचं म्हशीचं दूध मिळत असेल तर उत्तम, मात्र आणल्याबरोबर तापवा. सणाच्या आदल्या दिवशी दुकानात दुपारनंतर फुल क्रीमच्या पिशव्या उरत नाहीत. दूधवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा. अडीअडचणीला न उघडलेलं टेट्रापॅकचं दूध बाहेरही टिकतं, तो एक लिटर घरात असू द्या.

दुधाच्या पिशवीवर छापील किमतीपेक्षा एक-दोन रुपये जास्त मागितले जातात आणि कारण सांगितलं जातं ‘कूलिंग चार्ज’. देऊ नका. छापील किमतीत सगळे कर आणि दुकानदाराचा नफा धरलेलाच असतो, त्यावर काहीही घेता येत नाही. छापील किमतीवर वेगळा जीएसटी लावलेलं बिल दिसलं तर तेही चुकीचं आहे. पिशवीचा फोटो आणि बिल ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर किमतीआधी निव्वळ वजन वाचा. कुठे ४०० ग्रॅम असतं, कुठे ३८०, आणि दुरून डबे सारखेच दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कंडेन्स्ड मिल्क आणि बटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बाजूबाजूच्या दोन डब्यांवर किंमत वेगळी दिसली तर उत्पादनाची तारीख बघून घ्या. चेपलेला, फुगलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घरी आणू नका.

पुडिंग घट्ट कशाने करायचं

पैसे आणि पाहुणे, दोन्हींचा विचार इथे करावा लागतो. तीन पर्याय आहेत: जिलेटिन, चायना ग्रास आणि कॉर्नफ्लोअर.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनतं. घरात एक जरी शाकाहारी पाहुणा येणार असेल तर ते आणूच नका. पाकिटावर हिरवा गोल ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. ‘पुडिंग मिक्स’, ‘जेली’, मार्शमॅलो यांच्या पाकिटांवरही हे चिन्ह बघा, कारण जिलेटिन बहुतेक वेळा तिथूनच घरात येतं. शिवाय जिलेटिनचं पुडिंग तिशीच्या पुढच्या तापमानात ढिलं पडतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात टेबलावर अर्धा तास राहिलं की त्याचं सरबत व्हायला लागतं.

चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, समुद्री शेवाळापासून बनतं. ते चाळीस अंशांच्या खाली आलं की जमतं आणि पुन्हा वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे पंगत लांबली, पाहुण्यांची गाडी घाटात अडकली, तरी वाटी तशीच राहते. माझं मत सरळ आहे: वीस माणसांच्या कार्यक्रमाला हेच वापरा, जास्तीचे पैसे इथेच घाला. आजकाल दुकानातला बराचसा ‘खरवस’ चिकाशिवाय, चायना ग्रास आणि कंडेन्स्ड मिल्क घालूनच जमवलेला असतो, त्यामुळे घरच्या माणसांना हा पोत अनोळखी वाटणार नाही.

सुटं चायना ग्रास घेऊ नका. त्यावर तारीख नसते आणि जुनं झालेलं पिवळट पडतं, समुद्राचा वास मारतं. दुधात तो वास लपत नाही. लांब पट्ट्यांऐवजी पूड मिळाली तर वजनाने साधारण निम्मी लागते, पण पाकिटावर जे प्रमाण दिलं असेल ते धरा.

कॉर्नफ्लोअर सगळ्यांत स्वस्त. दोन लिटर दुधाला १२० ग्रॅम, थंड दुधात कालवून, उकळत्या दुधात सतत ढवळत घालायचं आणि फुटायला लागल्यावर दोन-तीन मिनिटं शिजू द्यायचं. यात कंडेन्स्ड मिल्क लागत नाही. साखर एकूण ३०० ग्रॅम, निम्मीचं कॅरमेल आणि निम्मी तशीच. पुडिंग चमच्याने खाण्याइतकं मऊ होतं, सुरीने कापता येत नाही. उपवासाच्या दिवशी मात्र कॉर्नफ्लोअर चालत नाही, आणि चायना ग्रासबद्दलही घराघरांत वेगळा रिवाज असतो. आधी विचारून घ्या.

गोव्यात किंवा वसईकडे नाताळाला तुम्ही हेच करणार असाल तर तिथे अंड्याचं कॅरमेल पुडिंग घरोघरी होतं आणि त्यालाही ओव्हन लागत नाही. अर्धा लिटर दुधाला चार अंडी, डब्यावर घट्ट झाकण, कुकरमध्ये शिटी न लावता मंद आचेवर वाफ. पण पाहुण्यांत अंडं न खाणारे असतील तर वेगळ्या दोन वाट्या करण्यापेक्षा सगळंच चायना ग्रासचं करा. एकाच चमच्याने वाढलं जातं, आणि मग त्यांना काहीच खाता येत नाही.

करायचं कसं

पंधरा ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक कापा आणि ३०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा. नंतर त्याच पाण्यात मध्यम आचेवर उकळा. सात-आठ मिनिटांत पाणी स्वच्छ, किंचित दाटसर दिसेल आणि एकही धागा उरणार नाही. धागे दिसत असतील तर अजून उकळा. इथे घाई केली की दाताखाली रबर येतं. थेट दुधात उकळायचा प्रयत्न करू नका, दुधात ते नीट विरघळत नाही आणि दूध तळाला लागतं.

दुसरीकडे दूध तापवून ठेवा. आधी थोडं दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. फाटणार असेल तर इथेच कळेल, दीड लिटर वाया जाणार नाही.

आता कॅरमेल. जाड बुडाचं, आतून फिक्या रंगाचं पातेलं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही, आणि सगळं काम रंगावर आहे. साखरेत तीन मोठे चमचे पाणी घाला, मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळून उकळायला लागली की चमचा बाजूला ठेवा. ढवळत राहिलात तर साखरेचे पुन्हा खडे होतात. पातेलं कडेला धरून गोल फिरवलंत तरी पुरे. सहा ते आठ मिनिटांत रंग आधी मधासारखा होतो आणि मग पटकन गडद होत जातो. लालसर तांबूस झाला की त्याच क्षणी गॅस बंद करा. धूर निघाला, जळका वास आला तर टाकून द्या आणि पुन्हा करा. सात रुपयांच्या साखरेसाठी अडीचशे रुपयांचं दूध आणि कंडेन्स्ड मिल्क कडू करू नका.

या वेळी पोरं स्वयंपाकघरात नकोत. साखरेचा पाक या टप्प्याला १७० अंशांच्या पुढे गेलेला असतो, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम, आणि तो कातडीला चिकटून राहतो. चटका बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा.

गॅस बंद केल्यावर बटर आणि मीठ घाला, मग गरम दूध एक-एक डाव करून सोडा. उसळी येते, म्हणून पातेलं मोठं हवं आणि हात लांब हवा. थंड दूध ओतलंत तर कॅरमेल दगडासारखं आकसतं आणि शिंतोडे उडतात. गरम दुधातही थोडे खडे होतीलच; मंद आचेवर पाच मिनिटांत ते विरघळतात. सगळं एकजीव झाल्यावर कंडेन्स्ड मिल्क घाला आणि एक हलकी उकळी आणा.

शेवटी चायना ग्रासचं पाणी. ते आणि दूध, दोन्ही गरम असताना एकत्र करा. एकही गार असेल तर मिसळतानाच धागे जमतात. मग सगळं बारीक गाळणीतून गाळून घ्या.

वाट्यांत ओतण्याआधी एक चमचाभर स्टीलच्या ताटलीत घालून पाच मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बोट लावल्यावर सरकलं नाही तर बरोबर. पातळ वाटलं तर उरलेलं पाच ग्रॅम चायना ग्रास थोड्या पाण्यात उकळून घाला. फार घट्ट वाटलं तर गरम दूध वाढवा. पातेल्यातच जमलं असेल तरी पुन्हा गरम करून वितळवता येतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ही सोय नाही.

एवढ्या मापात दीड लिटर दुधाचं पुडिंग होतं. माणसं चाळीस असतील तर सगळं दुप्पट करा, पण कॅरमेल दोन वेळा वेगळं करा. मोठ्या पातेल्यात साखर एका कडेला जळते आणि दुसऱ्या कडेला कच्ची राहते.

सोपे रस्ते: कुठले घ्यायचे, कुठले टाळायचे

कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात उकळून त्याचं कॅरमेल करायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. करू नका. पाणी आटलं की डबा फुटतो, आणि आतला उकळता गोळा छतापर्यंत जातो. बंद डबा कुकरमध्ये घालणं त्याहून धोक्याचं. तसंच कॅरमेल हवं असेल तर डबा उघडून मिश्रण स्टीलच्या डब्यात काढा, झाकण लावा, कुकरमध्ये पाणी घालून तीस-चाळीस मिनिटं मंद आचेवर ठेवा आणि कुकर आपोआप गार झाल्यावरच उघडा. मग साखर वेगळी जाळावी लागत नाही. कॅरमेलची भीती वाटत असेल तर हा रस्ता चांगला आहे, चव मात्र थोडी सौम्य येते.

कंडेन्स्ड मिल्क नकोच असेल तर सव्वादोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून पावणेदोन लिटरच्या आत आणा, कॅरमेलची १५० ग्रॅम साखर धरून एकूण ३०० ग्रॅम घाला, बाकी सगळं तसंच. वाचतात सत्तर-पंच्याहत्तर रुपये, जातो पाऊण तास, आणि तो सगळा वेळ पातेल्यापाशी उभं राहावं लागतं. दिवाळीत मला हा सौदा परवडत नाही असं वाटतं. एरवी रविवारी जरूर करा, चव जास्त खमंग येते.

तयार कॅरमेल सॉसची बाटली आणू नका. घटकांच्या यादीत पहिलं नाव ग्लुकोज सिरप, पुढे रंग आणि इसेन्स, आणि किंमत घरच्या कॅरमेलच्या कितीतरी पट. कॅरमेल इसेन्स, सिलिकॉनचे साचे, साखरेचा थर्मामीटर, यांतलं एकही लागत नाही. वरून क्रीमचा फेस हवा असेल तर डब्यावर स्निग्धांश वाचा: २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुलत नाही, त्याला निदान तीस टक्के लागतात. ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच वनस्पती तेलाचं असतं. घटक वाचूनच घ्या, किंवा क्रीम सोडून द्या आणि भाजलेले काजू पेरा.

वरून अननस किंवा संत्र्याच्या फोडी घालू नका. आंबटपणाने दूध फाटतं, चायना ग्रासही कमजोर होतं.

दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपवरून फक्त चायना ग्रास मागवलंत तर बिलाच्या तळाशी बघा: हाताळणी शुल्क, पोचवण्याचं शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, गर्दीच्या वेळचं शुल्क. पन्नासची पुडी नव्वदला पडते. यादी आधी करा आणि सगळं एकदम आणा.

करायला वेळच नसेल तर बाहेरून घ्या, पण विचारून. घरगुती व्यावसायिकांकडे अशा एका कपाला साधारण ६० ते १०० रुपये पडतात, म्हणजे वीस कपांना बाराशे ते दोन हजार. तीन गोष्टी आधी पक्क्या करा: चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, घट्ट करायला काय वापरलं आहे, आणि कप नेमका कधी बनवला जाणार. आगाऊ रक्कम देताना पावती घ्या. अन्न विकणाऱ्याच्या बिलावर तो क्रमांक असायला हवा. पोचवण्याचे पैसे, बर्फाच्या खोक्याची अनामत, कपांचे वेगळे पैसे हे आधी विचारा, नाहीतर ते दारात सांगितले जातात. मिठाईच्या दुकानातून रबडी-बासुंदी घेणार असाल तर खोक्याचं वजन मिठाईत धरलं जात नाही ना, हे तराजूकडे बघून तपासा. सुट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा.

वाट्या, फ्रिज आणि वाढणं

सगळ्यांत जास्त विसरला जाणारा खर्च वाट्यांचा. घरात वीस सारख्या स्टीलच्या वाट्या असतील तर शून्य. प्लास्टिकचे एकदा वापरून फेकायचे कप आणि चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. दुकानदार देईल, तुम्ही घेऊ नका. कागदी कप आणि लाकडी चमचे मिळून माणशी पाच-सहा रुपये. मातीची कुल्हडं देखणी दिसतात, पण वीसमागे शंभर ते दोनशे रुपये लागतात आणि कोरडी कुल्हडं दुधातलं पाणी शोषतात. ती वापरणार असाल तर आधी तासभर पाण्यात बुडवून, पुसून घ्या.

सर्वांत सोपं म्हणजे दोन मोठ्या चपट्या थाळ्यांत ओतून वड्या कापणं. चायना ग्रासच्या पुडिंगची सुरेख वडी पडते, वाट्या धुवाव्या लागत नाहीत, आणि फ्रिजमध्ये जागाही कमी लागते. सणाच्या दिवसांत फ्रिज आधीच भरलेला असतो, त्यामुळे एक कप्पा आदल्या सकाळीच रिकामा करून ठेवा.

गरम पातेलं फ्रिजमध्ये ढकलू नका. परातीत थंड पाणी घेऊन त्यात थाळ्या ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात निवतात आणि जमतातही. मग झाकून फ्रिजमध्ये. पुडिंग तासाभरातच जमलेलं दिसेल, पण चवीला आणि गारव्याला चार तास द्या. केल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. वाढायला काढल्यावरही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उकाडा असेल तर एकच तास. पुडिंग वितळत नाही म्हणून ते खराबही होत नाही, असं समजू नका. दूध ते दूधच. गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून न्या.

एका वाटीत वरून घातलेली साखर सुमारे पंधरा ग्रॅम जाते, म्हणजे चहाचे तीन चमचे. मधुमेह असलेल्या पाहुण्यांसाठी चार-पाच अर्ध्या वाट्या वेगळ्या भरून ठेवा. आग्रह टळतो, त्यांनाही पंगतीत खाता येतं.

परदेशात करत असाल तर अमेरिकेतला कंडेन्स्ड मिल्कचा नेहमीचा डबा १४ औंसांचा, म्हणजे ३९६ ग्रॅमचा असतो. माप बदलायची गरज नाही. अगर-अगरची पूड आशियाई दुकानात मिळते. तिथलं ‘होल मिल्क’ आपल्या फुल क्रीमपेक्षा पातळ असतं, सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, म्हणून दीड लिटरमधलं २०० मिली दूध कमी करून तेवढंच क्रीम घाला.

उरलेलं झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगलं राहतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि वडी भुसभुशीत होते. शेजारी द्यायचं असेल तर भाऊबीजेच्या रात्रीच द्या, आणि ‘उद्या संध्याकाळच्या आत संपवा’ हे सांगून द्या.